पटकी, पाणी आणि नगरचा खडक

३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. ती बातमी दख्खनच्या गावागावांत पोहोचते न पोहोचते तोच पावसाळ्याबरोबर दुसरी बातमी येऊन थडकली. नागपुराकडून जालना, औरंगाबाद, नगर, शिरूर, पुणे असे मुक्काम करीत एक रोग खाली उतरत होता. लष्कराचे तळ, बैलांचे तांडे, बाजारकरू आणि यात्रेकरू ज्या वाटांनी चालत, त्याच वाटा त्याने धरल्या होत्या. सकाळी नांगर धरलेला धडधाकट गडी दुपारी खाटेवर यायचा आणि दिवस मावळायच्या आत घरात आकांत उठायचा. ऑगस्टपर्यंत ही साथ घाट उतरून मुंबईत शिरली.

आदल्या वर्षी बंगालमधल्या जेसोरला भडकलेली ही पटकीची साथ. जगाच्या इतिहासात कॉलऱ्याची पहिली जागतिक साथ म्हणून तिची नोंद आहे. त्याआधी उलट्या-जुलाबांनी माणसे दगावत नव्हती असे नाही. मोडशी, वाखा, महामारी ही नावे लोकांच्या तोंडी होतीच. पण एका गावातून दुसऱ्या गावात, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत धावत जाणारी, प्रांतामागून प्रांत व्यापणारी ही चाल लोकांनी पाहिली नव्हती.

तेव्हापासून पुढची दीड-पावणेदोनशे वर्षे पटकीने महाराष्ट्राचा पिच्छा सोडला नाही. तिच्याशी झालेल्या झुंजीचा इतिहास सांगताना कलकत्ता, लंडन, पॅरिस, मुंबई ही नावे येतात आणि ती यायलाच हवीत. पण या झुंजीतले दोन मोठे डाव नगर जिल्ह्यात खेळले गेले. एक नेवासे तालुक्यातल्या सोनईपासून थोड्याच अंतरावर, वडाळ्याला. दुसरा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाचे नाव मराठी माणसाला पाठ असते. त्याच तालुक्यातल्या खडकाने देशाला शुद्ध पाण्याचा धडा दिला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

शिवेबाहेर ढकललेली साथ

पटकी मारते कशी, हे आधी नीट पाहायला हवे. रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे पातळ, पांढुरके जुलाब होतात, तेही एकामागून एक. अंगातले पाणी आणि क्षार भराभर निघून जातात. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पोटऱ्यांत गोळे येतात. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहते. हातापायांची बोटे बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुततात, नाडी लागत नाही. शेवटपर्यंत रोगी शुद्धीवर असतो आणि पाणी मागत असतो. ते पाणी त्याला कुणी देत नसे. पोटात गेले की पुन्हा उलटून पडते, म्हणजे पाण्यानेच रोग वाढतो, अशी घरच्यांची समजूत आणि अनेक वैद्य-डॉक्टरांचीही. तहानेने तळमळणाऱ्या माणसापासून तांब्या दूर ठेवणे हीच त्या काळी शुश्रूषा होती. पटकीच्या इतिहासात याहून दुःखद चूक दुसरी नाही.

मुंबई सरकारच्या वैद्यक मंडळाने १८१८ च्या साथीचा अहवाल पुढच्याच वर्षी छापला. अफूचा अर्क, पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल आणि शिरेतून रक्त काढणे हे त्या वेळचे इंग्रजी उपचार. आधीच कोरड्या पडलेल्या देहातून आणखी रक्त काढले जात होते. रोग हवेतून येतो की जमिनीतून, माणसाकडून माणसाला लागतो की ऋतुमानाने होतो, यावर डॉक्टरांचा वाद पुढे अर्धशतक चालला.

गावाने आपल्या परीने उपाय केला. मरीआईचा गाडा निघे. लाकडी गाड्यावर देवीची मूर्ती, नैवेद्य, लिंबू, हिरवी चोळी आणि बांगड्या ठेवून तो वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेत आणि शिवेपलीकडे सोडून येत. आता देवी पुढच्या गावाची. पुढचे गाव तो गाडा आपल्या शिवेवरून त्याच्या पुढच्या गावाकडे ढकलायचे. या प्रथेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे सोपे आहे. पण घरोघरी मरण शिरलेले असताना सगळे गाव एकत्र आणणारी तेवढी एकच गोष्ट लोकांच्या हातात होती. भेदरलेल्या माणसांना तिने उभे राहायचे बळ दिले. तरीही तिच्यात एक मोठी उणीव होती. साथ ही शेजाऱ्याकडे ढकलायची वस्तू, हा तिचा पाया होता. एका गावाने दुसऱ्याला सावध करावे, मदत पाठवावी, पाणी कुठून येते ते मिळून शोधावे, याला त्या व्यवस्थेत जागा नव्हती.

पंढरीची वाट

एकोणिसाव्या शतकात सरकारचे लक्ष पटकीसाठी सर्वांत जास्त खिळले ते पंढरपुरावर. आषाढी भर पावसाळ्यात येते. चंद्रभागेला गढूळ पाणी, वाळवंटात लाखोंची दाटी, गावातल्या उथळ विहिरी आणि शौचाची कसलीच सोय नाही. पटकीला याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण. परतीच्या वाटेवर प्रत्येक दिंडी आपापल्या गावाकडे वळे आणि त्यांच्याबरोबर रोगही पसरे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते. त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या गावांना आषाढ-श्रावणाची धास्ती असे.

१८६५ साली हज यात्रेत पटकी पसरली आणि ती युरोपात पोहोचली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले गेले. मग मुंबई सरकारने पंढरपूरच्या यात्रेची व्यवस्था हाती घेतली. यात्रेकरूंवर कर बसला, त्यातून सफाई आणि दिवाबत्ती होऊ लागली. साथ दिसली की यात्रा लवकर पांगवायची, असेही धोरण आले. यातल्या काही गोष्टी उपयोगाच्या होत्या. पण वारकऱ्याला विश्वासात घेऊन काही करावे असे सरकारला क्वचितच वाटले. सरकारी कागदांत तो बहुतेक वेळा रोग वाहणारा म्हणून येतो. रोगाने मरणारा माणूस म्हणून क्वचित. शिवेबाहेर ढकलण्याची हीच रीत सरकारनेही पाळली, फक्त कायद्याच्या भाषेत. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वे पंढरपुरापर्यंत गेली आणि यात्रेकरूंबरोबर रोगाचा वेगही वाढला.

याच काळात शास्त्र मात्र पुढे सरकत होते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकी उसळली. डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि सगळी बोटे एका सार्वजनिक पंपाकडे वळतात हे दाखवून दिले. त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. रोग पाण्यातून येतो, हे त्या एका दांड्याने जगाला शिकवले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या स्वल्पविरामाच्या आकाराच्या जंतूची ओळख पक्की केली आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यातही तो दाखवला.

विहिरीत टाकलेले औषध, दंडात टोचलेली सुई

हे ज्ञान खेड्यात पोहोचले ते दोन रूपांनी. पहिले रूप म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. आग्र्याला काम करणारे जीवाणुशास्त्रज्ञ हँकिन यांनी विहिरीत हे औषध टाकण्याची पद्धत रूढ केली. सायंकाळी जांभळे खडे बादलीत विरघळवून विहिरीत ओतायचे, पोहरा वरखाली करून पाणी ढवळायचे आणि रात्रभर विहीर बंद ठेवायची. सकाळी पाण्यावर फिकट गुलाबी झाक राहिली तर औषध पुरले, असा अंदाज. १८९९-१९०० च्या दुष्काळात हा उपाय फार ठिकाणी करावा लागला. नगर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला होता. खडी फोडायच्या सरकारी कामांवर हजारो माणसे एकत्र राहत, आटत आलेल्या विहिरीतले आणि नाल्याच्या डबक्यातले पाणी पीत. १९०० च्या उन्हाळ्यात मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी छावण्यांत पटकीने थैमान घातले. उपाशी देहाला ती तासाभराचीही सवलत देत नसे. भूक आणि साथ यांवरची मदत वेगवेगळ्या खात्यांनी करायची नसते, हा धडा त्या उन्हाळ्याने फार मोठी किंमत घेऊन शिकवला.

दुसरे रूप म्हणजे लस. ओडेसाला जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसला पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि उत्तरेत व बंगालमध्ये हजारो लोकांना त्यांनी ती टोचली. १८९६ मध्ये प्लेगच्या साथीमुळे ते मुंबईला आले आणि तिथे प्लेगची लस तयार झाली. परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली, तिलाच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. पुढची कित्येक दशके पटकीच्या लसीच्या कुप्या परळहून महाराष्ट्रभर जात राहिल्या.

पंढरपूरच्या यात्रेत टोचून घेणे सक्तीचे झाले. पंढरीच्या वाटेवर आणि स्टेशनांवर टेबले मांडून डॉक्टर बसत. टोचलेला दंड दोन दिवस ठणके, कणकण येई, आणि टाळ वाजवताना हात वर होत नसे, अशा आठवणी जुन्या वारकऱ्यांकडून आजही ऐकायला मिळतात. काही जण आडवाटेने जाऊन सुई चुकवत. त्या जुन्या लसीचे संरक्षण अर्धेमुर्धे आणि काही महिन्यांपुरते होते. टोचलेल्या माणसाच्या पोटातूनही जंतू बाहेर पडून पाण्यात जाऊ शकत होता. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने प्रवाशांकडून पटकीच्या लसीचा दाखला मागण्याची अट काढून टाकली. साथ सीमेवर सुईने अडवता येत नाही, हे जगाने त्या दिवशी मान्य केले. मग अडवायची कुठे? जिथे ती सुरू होते तिथे, म्हणजे पाण्याशी.

वडाळ्याचा पंप

१९६१ मध्ये इंडोनेशियातून पटकीची सातवी जागतिक साथ निघाली. एल टॉर जातीचा हा जंतू १९६४ पर्यंत हिंदुस्थानात पोहोचला. त्याची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. ते हिंडतात-फिरतात, कामाला जातात आणि नकळत पाणी दूषित करतात. रोगी शोधून बाजूला ठेवण्याची जुनी पद्धत याच्यापुढे दुबळी पडली.

त्याच सुमारास नगर-औरंगाबाद रस्त्यावरच्या वडाळ्याला मिशनचे एक रुग्णालय चालू होते. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगर जिल्ह्यात काम करीत होते. १९६२ मध्ये वेल्लोरला शिकलेले एक तरुण डॉक्टर जोडपे या रुग्णालयात रुजू झाले. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातल्याच सुप्याचे, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव, डॉ. मेबल मूळच्या जबलपूरच्या. चार वर्षे त्यांनी इथे रोगी तपासले, शस्त्रक्रिया केल्या. खाटेवर येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आजार मुळात होऊच द्यायला नको होते, हे त्यांना इथे उमगले. बरा करून घरी पाठवलेला मुलगा महिन्याभरात तेच पाणी पिऊन पुन्हा दारात उभा राही. रुग्णालय कितीही चांगले चालवले तरी गावाची विहीर तशीच राहत होती.

या भागातली विहीर म्हणजे तरी काय? पायऱ्यांची असेल तर लोक आत उतरून पाय बुडवून पाणी भरत, आणि नारूचे जंत एका पायातून दुसऱ्याच्या पोटात जात. आडाची असेल तर पावसाळ्यात काठावरचा सारा चिखल आत. उन्हाळ्यात दोन्ही कोरड्या. खाली बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा थर. शुद्ध पाणी होते, पण त्या कातळाच्या फटींत, दीड-दोनशे फूट खोल. कुदळीने आणि सुरुंगाने तिथवर जाणे गावाच्या आवाक्याबाहेरचे होते.

१९६० च्या दशकाच्या मध्यात वडाळ्याच्या मिशनने बोअर घ्यायला सुरुवात केली. हवेच्या दाबाने चालणारा हातोडा थेट भोकाच्या तळाशी कातळ फोडत जातो, असे यंत्र आणले गेले. पूर्वी ज्या कातळाला महिने लागत, त्यात आता एक-दोन दिवसांत बोअर होऊ लागले. पाणी लागे, पण ते वर काढायचे कसे, हा प्रश्न उरला. बाजारात मिळणारे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या परसदारासाठी केलेले. गावाच्या पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हलत राहतो, पोरे त्यावर लोंबकळतात. ते पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडत.

मोडलेला पंप हे पंप नसण्यापेक्षाही वाईट. लोक पुन्हा जुन्या विहिरीकडे वळतात आणि नव्या गोष्टीवरचा विश्वास गमावतात. म्हणून जालन्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये आणि वडाळ्यात पंपाची रचनाच बदलायचे प्रयोग सुरू झाले. बिडाऐवजी पोलाद आले. अनेक खिळ्यांवर डुगडुगणाऱ्या दांड्याऐवजी एकाच भक्कम आसावर फिरणारा दांडा आला. जालना पंपात वडाळ्याने सुधारणा केली, तो ‘जालवाड’ पंप. या दोघांच्या अनुभवावर सोलापुरात ऑस्कर कार्लसन यांच्या कार्यशाळेत ‘सोलापूर पंप’ घडला. दांड्याच्या टोकाला साखळी, आणि ती साखळी खालची सळई सरळ वर खेचते, त्यामुळे जोड झिजत नाहीत.

१९७४-७५ मध्ये युनिसेफने पाहणी केली, तेव्हा देशात बसवलेल्या हातपंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद असल्याचे आढळले. पैसा ओतला होता, बोअर घेतले होते आणि पाणी मिळत नव्हते. तेव्हा सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी एकत्र आली. सोलापूर पंप आधाराला घेऊन नवा नमुना तयार झाला, कोइमतूरजवळच्या गावांत त्याची कसून चाचणी झाली आणि १९७० च्या दशकाअखेर तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. तोच ‘इंडिया मार्क टू’. पुढे असे लाखो पंप देशभर बसले आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांनीही तो स्वीकारला. लंडनमध्ये पटकी थांबवण्यासाठी पंपाचा दांडा काढावा लागला होता. नगर, जालना आणि सोलापूरच्या दुष्काळी गावांत ती थांबवण्यासाठी न मोडणारा दांडा बसवावा लागला.

मीठ, साखर आणि पाणी

आता रोग्याकडे वळू. शिरेतून सलाइन दिले तर पटकीचा रोगी वाचतो, हे डॉक्टरांना एव्हाना माहीत होते. अडचण बाटल्यांची, सुयांची आणि प्रशिक्षित हातांची होती. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात जून महिन्यात पटकीचे रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडले होते आणि सलाइन संपत चालले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा धाडस केले. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या कलकत्त्याला भरून घेतल्या, ते पाणी पिंपांत तयार केले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेला दिला. पाजत राहा, एवढेच सांगितले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे प्रयोगशाळेतले सत्य त्या रुग्णालयात सिद्ध झाले. ज्या तहानलेल्या रोग्यापासून पिढ्यान्पिढ्या तांब्या दूर ठेवला गेला, त्याला वाचवायला तोच तांब्या पुरेसा होता.

पण पुडी पोहोचवणार कोण? हातपंपाभोवतीची गटारे साफ ठेवायला, जुलाब लागलेल्या लेकराच्या आईला वेळेवर मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवणार कोण? याचे उत्तर नगर जिल्ह्यातच घडत होते.

जामखेडच्या बाया

वडाळ्यानंतर आरोळे दांपत्य अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि २७ सप्टेंबर १९७० रोजी जामखेडला परतून कामाला लागले. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांचा दवाखाना सुरू झाला. लगेच दुष्काळ आला. १९७२ चा तो दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडत आणि बांध घालत होती. जामखेडच्या परिसरात बोअर घेणे, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणे आणि दवाखाना ही कामे हातात हात घालून सुरू झाली. १९०० च्या छावण्यांत जे सुटे राहिले होते, ते इथे जोडले गेले.

बोअर कुठे घ्यायचा, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा जितका, तितकाच जातीचा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी प्याले, त्याला तेव्हा ४५ वर्षे होऊन गेली होती. तरी गावच्या विहिरीवर दलित बाईला वरून कुणीतरी पाणी ओतील याची वाट पाहत बसावे लागे. तिच्या वाट्याला डबक्याचे पाणी येई, आणि साथीचा पहिला बळी तिच्या घरात पडे. आरोळे दांपत्याने बोअरच्या जागा दलित वस्तीत निघतील याकडे मुद्दाम लक्ष दिले. स्वच्छ पाणी तिथेच मिळते म्हटल्यावर उरलेले गाव हंडे घेऊन तिथे येऊ लागले. पाण्याच्या रांगेत साऱ्या जातींच्या बाया एकत्र उभ्या राहिल्या.

शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामी राहायला तयार नव्हत्या. मग गावांनीच आपल्यातली एक बाई निवडून द्यायची, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत बऱ्याच जणी निरक्षर होत्या, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, शिकायच्या आणि शिकलेले गावात जाऊन करायच्या. बाळंतपण, लसीकरण, मुलांचे वजन आणि जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी ही त्यांची रोजची कामे. १९७१ मध्ये या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. ‘हेल्थ बाय द पीपल’ या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग नोंदवला गेला. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा केला, त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला जगभरच्या तज्ज्ञांसमोर बोलल्या. सभागृहाच्या छताला झुंबरे लटकत होती. मुक्ताबाईंनी पिशवीतून वातीचे साधे दिवे काढले. झुंबर सुंदर असते, पण त्याला हात पोहोचत नाही. वात मात्र दुसरी वात लावू शकते, असे त्यांनी सांगितले. रुग्णालय आणि गावातली बाई यांच्यातला फरक याहून नेमका कुणी मांडलेला नाही.

आजच्या शिवा

आज पटकीचे नाव कमी ऐकू येते, गॅस्ट्रोचे जास्त. उपाय सारे हाताशी आहेत. आशाताई आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ओआरएसची पुडी आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या आहेत. ग्रामपंचायतीला पाण्याच्या पाहणीनंतर लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हजार लिटर पाण्याला सुमारे पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, आणि शेवटच्या नळावर पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीत आलेला पिवळा रंग, इतके सोपे ते काम आहे. तरीही साथी येतात, कारण ही कामे करणारी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. पाणी सोडणाऱ्याला गळती माहीत असते, ग्रामसेवकाला पावडरचा साठा, आशाताईला घरोघरचे जुलाब, खाजगी डॉक्टरला दिवसभरात सलाइन लावलेले चौदा रोगी. चौघांची माहिती एका वहीत आली तर साथ पहिल्या दिवशी सापडते. वेगवेगळी राहिली तर आठव्या दिवशी वर्तमानपत्रात सापडते.

सोनईच्या पट्ट्यात आणखी एक जबाबदारी येते. हा साखर कारखान्यांचा मुलूख आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि जवळचा पाट किंवा विहीर हीच त्यांची पाण्याची सोय असते. त्यांची नावे त्यांच्या गावच्या यादीत असतात, इथल्या नसतात. इथली आशाताई आपल्या वस्तीची नोंद ठेवते. कोपी कुणाच्याच वस्तीत येत नाही. मरीआईचा गाडा आपण बंद केला, पण ‘हे आमच्या गावचे नाहीत’ असे म्हणून कोपीतल्या बाईला वगळतो, तेव्हा आपण अजूनही साथ शिवेपलीकडेच ढकलत असतो.

दोनशे वर्षांच्या या इतिहासाचा निवाडा स्पष्ट आहे. सरकारी हुकूम, लस, पंप, मीठ-साखरेची पुडी, यांतल्या कुठल्याही एकाने पटकी हटली नाही. शिवेच्या आतबाहेरची सारी माणसे मोजली गेली, पाणी आधी राखले गेले आणि गावातलीच कुणी दारोदार गेली, तिथेच ती हटली. म्हणून ग्रामसभेला जाल तेव्हा सरपंचांना तीन प्रश्न विचारा. आज शेवटच्या नळावर ओटी चाचणी केली का? गेल्या आठवड्यात गावात किती जणांना जुलाब झाले, ते एकाच वहीत लिहिले आहे का? आणि यंदा फडावर आलेल्या कोप्यांना पिण्याचे पाणी कोण पोहोचवते? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सभेतून उठू नका.